दिवसभर लॅपटॉपसमोर, तरी काम शिल्लक: घरून काम करताना वेळ जातो कुठे?

हिंजवडीच्या रस्त्यांवर पाणी साचल्याची किंवा एखाद्या कंपनीने ‘आता ऑफिसला या’ असं कळवल्याची बातमी आली, की पुण्यात तोच वाद पुन्हा पेटतो. एक बाजू म्हणते, घरून सगळं सुरळीत चाललं होतं, कशाला बोलावता? दुसरी म्हणते, घरी बसून कुणी काम करत नाही. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला यायला सांगितलं. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून बऱ्याच कर्मचाऱ्यांना महिन्यातून किमान दहा दिवस यायला सांगितलं. बाणेर, खराडी, मगरपट्ट्यातल्या अनेक ऑफिसांत अजूनही आठवड्याचे दोन-तीन दिवस घरून काम चालतं.

या वादात एका माणसाचं कुणी ऐकत नाही. तो सकाळी नऊला लॉगइन करतो, रात्री नऊलाही त्याचा लॅपटॉप उघडाच असतो. कामचुकारपणा त्याच्या अंगात नाही. तरीही आज नक्की काय केलं, असं स्वतःला विचारलं तर त्याला उत्तर देता येत नाही, आणि मग तो स्वतःलाच बोल लावतो: मलाच शिस्त नाही, मीच आळशी. हा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या हजारो जणींसाठी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. घरी आपल्याला वेळ भरपूर मिळतो, पण तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो. डोक्याचं काम तुकड्यांत होत नाही. हे एकदा नीट समजलं की स्वतःला दोष देणं थांबतं आणि दुरुस्ती नेमकी कुठे करायची तेही दिसतं.

आधी हिशेब कशाचा, ते ठरवू

उत्पादकता म्हणजे एका तासात किती काम तडीस गेलं. किती तास बसलो याचा तिच्याशी संबंध नाही. समजा, एकाने आठ तासांत चार अहवाल लिहिले आणि दुसऱ्याने बारा तासांत चार. दोघांचं काम सारखंच झालं, पण दुसऱ्याची उत्पादकता एक तृतीयांशाने कमी. शिवाय त्याच्या आयुष्यातले रोजचे चार तास गेले ते वेगळेच.

हे गणित शाळकरी वाटतं, पण घरून काम करताना नेमकं तेच हातून निसटतं. मायकेल गिब्ज, फ्रीडेरिके मेंगेल आणि क्रिस्टोफ सीमरॉथ या तीन अर्थशास्त्रज्ञांनी एका मोठ्या आशियाई आयटी सेवा कंपनीतल्या दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या कामाच्या नोंदी तपासल्या. काही नोंदी कोविडच्या आधीच्या, काही घरून काम सुरू झाल्यानंतरच्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं ते असं: लोकांचे कामाचे तास वाढले, हातावेगळं झालेलं काम किंचित घटलं, आणि उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी खाली आली.

म्हणजे लोक टिवल्याबावल्या करत नव्हते. उलट ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ लॅपटॉपला चिकटून होते. मग झालं काय? त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मीटिंगचा आणि एकमेकांच्या कामाचा मेळ घालण्याचा वेळ वाढला होता, आणि कुणी मध्ये न येता सलग काम करता येईल असा वेळ आक्रसला होता. माझ्या मते अख्ख्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच.

‘पण घरून काम जास्त होतं, असंही वाचलंय’

तेही खरंच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी काहींना घरी बसवलं, काहींना ऑफिसातच ठेवलं. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली होती. यातली ९ टक्के वाढ मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे, म्हणजे प्रत्यक्ष जास्त मिनिटं काम झाल्यामुळे आली. उरलेली ४ टक्के दर मिनिटाला जास्त कॉल घेता आल्यामुळे.

मग चेन्नईचा प्रयोग बघा. डेव्हिड ॲटकिन, ॲन्टॉनेट शोर आणि सुमित शिंदे यांनी डेटा एन्ट्रीचं काम करणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं घर किंवा ऑफिस वाटून दिलं. २०२३ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षात घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली, आणि त्यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवसापासून होता. त्याहून चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. ज्यांना मनापासून घरूनच काम हवं होतं, त्यांचं नुकसान सगळ्यांत जास्त होतं: घरी त्यांची उत्पादकता २७ टक्क्यांनी कमी, तर ऑफिस पसंत असलेल्यांची १३ टक्क्यांनी. कारण घर मागणाऱ्यांमध्ये लहान मुलं असलेले, कुणाची तरी देखभाल करावी लागणारे आणि गरीब घरांतले लोक बरेच होते. ज्यांना घरी राहणं भाग होतं, त्यांच्याच घरात काम करायला सर्वांत कमी जागा होती.

दोन्ही ठिकाणचं काम एकट्याने करायचं, मोजता येणारं. तरी निकाल उलटे. का? शांघायच्या प्रयोगात भाग घ्यायला एक अट होती: घरात कामासाठी स्वतंत्र खोली हवी आणि चांगलं इंटरनेट हवं. मला वाटतं, दोन्ही निकालांमधला मोठा फरक त्या खोलीच्या दारात आहे. घरून काम चांगलं की वाईट, हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो. कुणाचं घर आणि कुठलं काम, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

एक मिनिटाच्या व्यत्ययाने एवढं काय बिघडतं?

दिवे घाटात चढावर चाललेला भरलेला ट्रक डोळ्यासमोर आणा. समोर कुणीतरी आडवं आलं म्हणून तो मिनिटभर थांबला. रस्ता मोकळा झाला तरी त्याला पहिल्या गिअरपासून सुरुवात करावी लागते, मघाचा वेग पकडायला बराच चढ संपतो आणि डिझेल जळतं ते वेगळंच. मिनिटाचं थांबणं मिनिटात फिटत नाही. एखादा गुंतागुंतीचा कोड, हिशेब किंवा मसुदा डोक्यात घेऊन बसलेला माणूसही असाच चढावर असतो.

सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली याचं एक कारण मांडलं. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो, तरी लक्षाचा थोडा भाग पहिल्या कामातच रेंगाळत राहतो. त्याला ‘अटेन्शन रेसिड्यू’ म्हणतात. पहिलं काम जितकं अर्धवट, तितकं हे रेंगाळणं जास्त. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसमधल्या लोकांचं तासन् तास निरीक्षण केलं. तुटलेल्या कामाकडे परत येईपर्यंत सरासरी वीस मिनिटांहून जास्त वेळ जातो, असं त्यांना दिसलं, कारण माणूस मध्येच आणखी दोन कामांना हात घालून येतो. २००८ च्या त्यांच्या प्रयोगात आणखी एक बारकावा होता. ज्यांना वारंवार थांबवलं गेलं, त्यांनी काम पूर्ण करायला जास्त वेळ लावला नाही. त्यांनी वेग वाढवून वेळ भरून काढला, पण ताण, वैताग आणि थकवा वाढवून. म्हणून संध्याकाळी ‘आज तर काही जड काम नव्हतं, मग एवढी का दमले?’ असं वाटतं.

आता पुण्यातल्या एखाद्या घरातली सकाळ आठवा. सोसायटीत कचरा गोळा करायला ताई येतात, दूध येतं, मावशी येतात, सिलिंडरवाला येतो, कुरिअरवाला ओटीपी मागतो. एकेक काम खरोखर मिनिटाचंच असतं, आणि त्यामुळेच कुणाला ते व्यत्यय वाटत नाही. शिवाय आपणही स्वतःला थांबवतोच. मार्क यांच्या मोजणीनुसार २००४ मध्ये माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ४७ सेकंदांवर आला आहे.

ऑफिस न सांगता काय काय करत होतं

ऑफिसात आपलं काम आपण एकटेच करत होतो असं वाटायचं, पण ती जागा बरंच काही आपल्या वतीने करत होती. निघायची वेळ ठरलेली असल्याने दिवस सुरू व्हायचा आणि बस सुटायची म्हणून संपायचा. शेजारचे चार जण मान खाली घालून बसलेले असायचे, म्हणून आपणही बसायचो. आपण गढून गेलोय हे दिसत असल्याने लोक जरा थांबून विचारायचे. आणि महत्त्वाचं म्हणजे गॅसवर दूध ठेवलंय, याची तिथे आठवण व्हायची नाही.

शेजारच्यांचा हा परिणाम किती मोठा असतो, ते बघायला सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत जावं. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी गावाकडची मुलं पैशांची ओढाताण असताना दर महिन्याला अभ्यासिकेची फी भरतात. खोलीवर टेबल असतं, पुस्तकं त्यांचीच असतात, अभ्यासिकेत कुणी शिकवतही नाही. तिथे मिळते ती एक खुर्ची आणि गप्प बसून वाचणारी आजूबाजूची पन्नास मुलं. त्या मुलांना जे कळलं, ते घरून काम करणाऱ्या नोकरदारांनी मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. एकाग्रता ही एकट्याच्या मनोबलाची गोष्ट फार थोडी, ती बरीचशी जागेतून आणि सोबतीतून येते.

प्रवासातही काहीतरी उपयोगाचं होतं, हे मात्र ट्रॅफिकच्या रागात आपण विसरतो. रहदारीची मोजणी करणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या क्रमवारीत पुणं जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथं होतं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. घरून काम केल्यावर हा वेळ वाचतो, पण जातो कुठे? २७ देशांतल्या एका पाहणीत घरून काम केल्याने दिवसाला सरासरी ७२ मिनिटं वाचत असल्याचं दिसलं, भारतात तर ९९. सगळ्या देशांचं मिळून पाहिलं, तर वाचलेल्या वेळातली सुमारे ४० टक्के मिनिटं लोक पुन्हा नोकरीच्याच कामात घालतात. त्यातली वीस मिनिटं काढून सकाळी लॉगइनच्या आधी सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या, जवळ असेल तर टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलं, तरी घर आणि काम यांच्यामध्ये एक उंबरठा तयार होतो.

‘आमचा वन बीएचके, वेगळी खोली कुठून आणू?’

हा आक्षेप सर्वांत रास्त आहे. वाकड, पिंपळे सौदागर किंवा हडपसरला वन बीएचकेत नवरा-बायको दोघंही घरून काम करतात, मूल शाळेतून दीडला येतं, गावाहून आई-बाबा आलेले असतात. तिथे ‘होम ऑफिस सजवा’ हा सल्ला देणं म्हणजे चेष्टा झाली.

जागेचं दार नसेल तर वेळेचं दार करावं लागतं. दिवसातले दीड-दोन तास असे ठरवा, की त्या वेळेत तुम्ही घरात नाही आहात असं सगळ्यांनी धरून चालायचं. आठही तास असं जमणार नाही आणि तशी गरजही नाही. दिवसभरातलं जे काम खरोखर डोकं मागतं, ते बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन तासांचंच असतं. बाकी मेल, टाइमशीट, फॉर्म, छोट्या दुरुस्त्या तुकड्यांत झाल्या तरी चालतात.

दोघंही घरून काम करत असाल तर पाळी लावा. साडेनऊ ते साडेअकरा एकाचे, साडेअकरा ते दीड दुसऱ्याचे. ज्याची पाळी नाही त्याने बेल, फोन, सिलिंडर, मूल हे सगळं बघायचं आणि तेव्हा स्वतःची तुकड्यांत होणारी कामं उरकायची. यात एक अट कसोशीने पाळावी लागते: ‘फक्त एक विचारू का?’ असंसुद्धा म्हणायचं नाही. कागद ठेवा, त्यावर लिहून ठेवा.

जागा लहान असली तरी एकच ठेवा. डायनिंग टेबलाची एक ठरावीक बाजू चालेल, पलंग नको. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि कीबोर्ड वेगळा घ्या. मान आणि पाठ यांच्या दुखण्यावर होणाऱ्या खर्चापुढे कीबोर्डची किंमत काहीच नाही. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, की पंख्याची किंवा मोटारीची एकसुरी घरघर ते छान दाबतात, पण शेजारच्या खोलीतलं बोलणं पुरतं थांबवत नाहीत.

‘घरीच तर आहेस ना!’

हे वाक्य पुरुषांना कमी ऐकावं लागतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. जवळजवळ पाच तास आणि दीड तास, एवढा फरक. बाई ऑफिसला जात होती तेव्हा हे पाच तास नोकरीच्या आधी आणि नंतर यायचे. ती घरी बसून काम करू लागली, तसे ते नोकरीच्या वेळेत घुसले. कुकरची शिट्टी मोजायची तीच, मावशींना काम सांगायचं तिनेच, सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ तिच्याच लक्षात. म्हणून घरून काम करणाऱ्या बाईला ‘टाइम मॅनेजमेंट शिक’ असं कुणी सांगितलं की मला राग येतो. तिच्याइतकं वेळेचं नियोजन घरात दुसरं कुणी करत नसतं.

इथे उपाय दोन भागांत आहे. पहिला बोलण्याचा. घरातल्या मोठ्यांना ‘मला त्रास देऊ नका’ असं सांगितलं तर मन दुखावतं आणि नियमही पाळला जात नाही. वेळ आणि काम नेमकं सांगितलं तर बहुतेक माणसं साथ देतात. ‘आई, साडेअकरापर्यंत मी आत आहे. बेल वाजली तर तुम्ही बघाल का? साडेअकराला बाहेर येते, मग चहा बरोबर घेऊ.’ यात त्यांना एक जबाबदारी मिळते आणि तुमची बाहेर यायची वेळही कळते. ती वेळ तुम्ही पाळलीत, तरच दुसऱ्या दिवशी त्या तुमची वेळ पाळतील. लहान मुलाला ‘थोड्या वेळाने’ हे कळत नाही. काट्यांचं घड्याळ समोर लावून ‘मोठा काटा सहावर आला की आई तुझी’ असं सांगितलं तर चार-पाच वर्षांचं मूलही वाट बघू शकतं.

दुसरा भाग बोलून सुटणारा नाही. कामं प्रत्यक्ष वाटावी लागतात. ‘मदत करतो’ म्हणणाऱ्या नवऱ्याकडे दुपारचं जेवण आणि मुलाची शाळेची बस ही दोन कामं संपूर्ण द्या, आठवण करून देण्याच्या जबाबदारीसकट. आठवण बाईनेच करून द्यायची असेल तर तिचं लक्ष तुटायचं ते तुटतंच.

नुकत्याच आई झालेल्यांसाठी एक माहिती. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या तरतुदीनुसार प्रसूतीची रजा संपल्यावर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, मालक आणि कर्मचारी यांनी आपसांत ठरवून घरून काम करण्याची मुभा देता येते. हा बिनशर्त हक्क नाही, पण मागणी करताना कायद्यातल्या या तरतुदीचा आधार घेता येतो.

मीटिंगांनी दिवस भरला असेल तर?

पुण्याच्या आयटीत दिवस लांबतो तो क्लायंटच्या घड्याळामुळे. पण त्याच घड्याळात आपल्या फायद्याचं काही दडलेलं आहे. लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. म्हणजे आपली अख्खी सकाळ परदेशातलं कुणी मागतच नाही. तरी ती जाते, कारण टीमचा स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी आढावा बैठक, दहाला असतो, मग त्यातून निघालेला एक कॉल साडेदहाला आणि ‘पटकन बोलायचंय’ म्हणून आणखी एक साडेअकराला. कॉलच्या मधले अर्धे-अर्धे तास कुठल्याच जड कामाला पुरत नाहीत.

टीमने मिळून एकच बदल करायचा असेल तर मी हा सुचवीन: स्टँडअप दुपारी साडेबाराला न्या आणि त्याआधी कुणीही कुणाला कॉल लावायचा नाही असं ठरवा. संध्याकाळी अमेरिकेचा कॉल असेल, तर त्या दिवशी दुपारी तीन ते पाच सुट्टी समजून खरंच उठायचं. सकाळी नऊ ते रात्री दहा असं अखंड उपलब्ध राहणं कुणाच्या करारात नसतं, ते हळूहळू अंगवळणी पडतं.

व्हिडिओ कॉल जास्त थकवतात, हाही मनाचा खेळ नाही. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलनसन यांनी २०२१ मध्ये त्याची चार कारणं मांडली: अगदी जवळून सतत नजरेला नजर, स्वतःचा चेहरा कायम समोर, जागचं हलता न येणं, आणि हावभाव समजून घ्यायला व समजावून द्यायला लागणारे जादा कष्ट. स्वतःची चौकट लपवता येते. आणि ज्या कॉलमध्ये काही दाखवायचं नाही, तो फोन कानाला लावून घरातल्या घरात चालत करा.

‘हिरवा ठिपका विझला की साहेबांना वाटतं झोपलोय’

चॅटमधला ‘उपलब्ध’ दाखवणारा तो ठिपका राखण्यासाठी लोक दर दोन मिनिटांनी माउस हलवतात. मॅनेजरला काम दिसत नाही, म्हणून तो हजेरी बघतो. कर्मचाऱ्याला ते कळतं, म्हणून तो काम सोडून हजेरी सांभाळतो. दोघांचंही नुकसान.

यातून सुटायचा रस्ता म्हणजे काम दिसू देणं. सकाळी तीन ओळी लिहून टाकायच्या: आज काय पूर्ण करणार, कुठे अडू शकतं, कुठल्या वेळेत उत्तर देता येणार नाही. संध्याकाळी दोन ओळी: काय झालं, काय राहिलं आणि का. महिनाभर हे न चुकता मिळालं तर ठिपक्याकडे बघण्याची मॅनेजरची गरज बरीच कमी होते, आणि साडेनऊ ते साडेअकरा उत्तर आलं नाही म्हणून कुणी चिडत नाही. मॅनेजरांना माझी कळकळीची विनंती आहे: लगेच उत्तर देणाऱ्याचं कौतुक करू नका. तुम्ही ज्याचं कौतुक कराल, तेच टीम करत राहील.

वीज आणि इंटरनेट

लॅपटॉपला बॅटरी असते, पण वीज गेल्यावर राउटर आधी बंद पडतो. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास काढून देतो. मात्र इमारतीच्या जिन्यात किंवा गच्चीवर इंटरनेटवाल्याचा जो डबा असतो त्यालाही वीज लागते, तेव्हा तो सोसायटीच्या जनरेटरवर आहे का, ते एकदा विचारून घ्या. पुण्यात महावितरणचं देखभालीचं काम सहसा गुरुवारी असतं आणि महापालिकेचं पाणीही बऱ्याचदा त्याच दिवशी बंद असतं. महत्त्वाचं सादरीकरण गुरुवारी ठेवू नका.

दिवस संपवायचा कसा?

ऑफिस सुटायचं. घर सुटत नाही. म्हणून शेवट ठरवून करावा लागतो. उद्या सकाळी सर्वांत आधी काय करायचं, ते नेमक्या शब्दांत कागदावर लिहा, टॅब बंद करा, लॅपटॉप बॅगेत घालून कपाटात ठेवा. लरॉय यांच्या रेंगाळणाऱ्या लक्षाचा इथेही संबंध आहे. अर्धवट काम कुठे सोडलं आणि पुन्हा कुठून उचलायचं, हे लिहून ठेवलं की ते जेवताना डोक्यात घोळत नाही. कामाच्या चॅटच्या सूचना फोनवर आठनंतर बंद ठेवा. खरी आणीबाणी असेल तर माणसं फोन करतात.

कंपनी ऐकत नसेल तर? फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्क न ठेवण्याच्या हक्काबद्दल कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी याच हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं आहे, पण त्याचा कायदा झालेला नाही. तोवर हे टीमने टीमपुरतं ठरवावं लागेल, आणि एकट्याने ठरवण्यापेक्षा चौघांनी मिळून ठरवलेलं टिकतं.

मग ऑफिसला जायचं कशासाठी?

घरून काम करण्याची मी पुरस्कर्ती असले तरी सगळे दिवस घरी, हे मला पटत नाही. शांघायच्या त्याच प्रयोगात नऊ महिन्यांनी निवड करायला सांगितल्यावर घरून काम करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे लोक ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्याचं मोठं कारण होतं. शिवाय कामगिरीच्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या होत्या. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या २०२० मधल्या नोंदींतून दिसलं, की सगळे घरी गेल्यावर लोक आपापल्या गटातच बोलत राहिले, दुसऱ्या विभागांशी असलेले धागे विरळ झाले.

दोन्हीचा मेळ घातला तर काय होतं, त्याचंही उत्तर आहे. सीट्रिपच्याच, म्हणजे आताच्या ट्रिप डॉट कॉमच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा दुसरा प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. आठवड्याचे दोन दिवस घरून काम दिल्याने नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. कामगिरीच्या मूल्यमापनावर आणि बढत्यांवर काहीही परिणाम झाला नाही.

दिवस मात्र विचार करून निवडा. ऑफिसात जाऊन हेडफोन लावून तेच कॉल घ्यायचे असतील तर प्रवास फुकट गेला. ज्या दिवशी टीम तिथे आहे, ज्या दिवशी एखादा तिढा फळ्यासमोर उभं राहून सोडवायचा आहे, त्या दिवशी जा. घरी कामाला जागाच नसेल, तर कंपनी बोलवो न बोलवो, जास्त दिवस जा. आणि टीममध्ये कुणी नुकतं लागलेलं असेल तर तो ऑफिसला येतो त्या दिवशी जुन्यांनी जावं. चेन्नईत ऑफिसातले लोक पुढे गेले, त्याचा एक तृतीयांश भाग ते भराभर शिकत गेल्यामुळे होता. पहिल्याच नोकरीला लागलेल्या, वन आरकेत चौघांसोबत राहणाऱ्या मुलाला हे शिकणं घरी बसून मिळत नाही, आणि ते मागायचं कुणाकडे हेही त्याला ठाऊक नसतं. त्याच्या शेजारची खुर्ची आठवड्यातून दोन दिवस रिकामी राहू नये, एवढं सिनियर माणसांना सहज करता येण्यासारखं आहे.